तीन साखळी आठ आणे

ती घटना आजही आठवते, आणि आठवू नये म्हणून मी बरंच काही करून पाहिलं आहे.

धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली की बांधाची भांडणं सुरू व्हायची. त्या दिवशी दोघे शेजारी समोर उभे होते. एक साठीतला शेतकरी. दुसरा तिशीतला मेंढपाळ, ज्याने मेंढ्या राखून राखून शेजारची दोन एकर विकत घेतली होती. हद्दीचा दगड याने माझ्या रानात सरकवला, असं म्हाताऱ्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्याने निजामाच्या काळातल्या मोजणीच्या टिपणाची नक्कल आणली होती. तीत रस्त्यापासून दगडापर्यंत त्याच्या रानाची रुंदी होती तीन साखळी आठ आणे.

हवालदार म्हणाला, "साहेब, ते मोजणीवाल्यांचं काम हाय. आपण नगं त्यात पडायला."

साखळी तेहतीस फुटांची, एवढं मला ठाऊक होतं. मोबाइल काढला, तीन पॉइंट आठ गुणिले तेहतीस केलं. सव्वाशे फूट आले. दगड होता एकशे साडेपंधरा फुटांवर, हे मेंढपाळाने टेपने मोजून आणलं होतं. "बाबा, दहा फूट तुमचे," मी सांगून टाकलं. मेंढपाळ मान खाली घालून उभा राहिला. आपसात समजूत झाल्याची नोंद केली, दोघांच्या सह्या घेतल्या. सगळं दहा मिनिटांत. वर मी हवालदाराला चिडवलं, "तुझ्या मोजणीवाल्यांना सहा महिने लागले असते!"

पाच महिन्यांनी तो मेंढपाळ त्याच बांधावर मरून पडलेला सापडला. डोक्यात घाव. पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं. त्याची बायको दवाखान्यात होती, जबाब द्यायच्या स्थितीत नव्हती. मी दोन दिवस मेंढ्या चोरणाऱ्यांच्या मागे पळालो. बांधाचा वाद तर मीच मिटवला होता, म्हणून तिकडे पाहिलंच नाही. स्वतःच्या कामावर इतका विश्वास बरा नव्हे.

तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. "साहेब, वाद मिटला न्हाय. त्यो मेला त्याच दिशी सकाळी सरकारी मोजणी झालीय. म्हाताऱ्याची पहार कुठं हाय ते इचारा."

पहार ओढ्यात सापडली. म्हाताऱ्याला ताब्यात घेतलं. दिवसभर तो गप्प होता. आरोपी गप्प बसतो तो बहुधा खोटं जुळवत असतो, असा माझा अनुभव. इथे तो अनुभव फोल ठरला.

"बाबा, मोजणीवाल्यांनी दगड जुन्या जागी दाखवला, मग तुम्ही हात का उचलला?"

"म्या कुणाचं लुबाडलं न्हाय, साहेब. दहा फूट तुमीच दिलं व्हतं, ह्याच टेबलावर. दगड काढला, तूर पेरली. मोजणी झाली आन् त्यो पुन्हा दगड रोवाया लागला. माझं डोस्कं फिरलं."

"टिपणाप्रमाणे दगड तिथेच येतो."

त्याने वर पाहिलं. "आठ आणे म्हंजी अर्धी साखळी, हे मला बी ठावं हाय. पर तुमी पॉइंट आठ म्हणलात. म्या म्हणलं, सरकारी हिशोब न्यारा असंल."

मी टिपण पुन्हा उघडलं. सोळा आण्यांची साखळी. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, हे शेंबडं पोरही सांगेल. माझं बालपण त्या आण्यांत गेलेलं. साडेतीन साखळ्या, म्हणजे एकशे साडेपंधरा फूट. दगड पहिल्यापासून बरोबर होता.

केस डायरीत मी लिहिलं, "हद्दीच्या जुन्या वादातून." त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हाताऱ्याला जन्मठेप झाली आणि तो तुरुंगातच वारला.

पण मला जाळतो तो मेंढपाळाच्या बायकोचा जबाब. दवाखान्यातून सुटल्यावर ती म्हणाली, "त्ये म्हणत व्हते, जाऊ दे दहा फूट. म्याच हट्ट धरला मोजणीचा. म्याच मारलं त्यास्नी. तुमचा काय दोस, साहेब? म्हाताऱ्यानं तुमाला खोटा कागद दावला."

बाई, कागद खरा होता, चूक माझी होती, एवढंच बोलायचं होतं. मी तिचा अंगठा घेतला आणि तिला जाऊ दिलं.

खुनाला नऊ वर्षं झाली तेव्हा, निवृत्त झाल्यावर, अणदूरला गेलो, तिच्या माहेरी. तिने ओळखलं, तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मी सगळं सांगितलं.

"नऊ वर्सं म्या रोज सोताला इचारलं, कशाला हट्ट धरलास म्हणून. तुमी त्या दिशी बोलला असता तर?"

तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली.

नोकरीने काय शिकवलं, असं लोक विचारतात. गणितातली चूक मी कदाचित स्वतःला माफ केली असती. पण माझ्या गप्प बसण्याची शिक्षा नऊ वर्षं त्या बाईने भोगली, आणि ती शिक्षा आता मला माझ्या नावावर करून घेता येत नाही.