सुखदेवकाकांची बिडी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बाकी पुष्कळ बोललो — दिग्रसच्या चौकात, पुसदच्या बाजारात, कापसाच्या भावासाठी घसा बसेपर्यंत. हे मात्र नाही. सांगू लागलो की स्वतःचीच शिसारी येते. येऊ दे.

कापूस मातीमोल झाला होता, ती वर्षं. शेतात मजुरी उरली नव्हती, म्हणून आमच्या वस्तीतले सुखदेवकाका गावाबाहेरच्या एका टिनाच्या शेडमध्ये लागले. गॅरेजांतून आणलेलं जळकं ऑइल तिथं कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ड्रमात उकळत. मग त्यात ॲसिड ओतायचं, काठीनं ढवळायचं, माती मिसळून गाळायचं आणि नवं म्हणून डब्यांत भरायचं. ॲसिड पडलं की वाफ उठे. मी एकदाच आत गेलो — दारातच ओकलो. काका त्याच वाफेवर वाकून ढवळत होते, तोंडाला रुमाल बांधून.

शेड कुणाची? आमच्याच आंदोलनातल्या एका पुढाऱ्याची. मोर्च्याची जीप त्याची, पत्रकं ठेवायची खोली त्याची. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या धुळीवर मी जळजळीत पत्रक लिहिलं होतं. या शेडवर? — एक ओळ नाही.

काकांचा खोकला थांबेना. शांताकाकू म्हणाल्या, "तू शिकेल हायेस बाबू, डॉक्टरले नीट सांग." म्हणून मी दोघांसोबत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता? काकांना नेमकी उबळ आली — आणि मी बोललो. शेडचं नाव निघालं तर चौकशी येईल, जीप जाईल, मोर्चा तोंडावर आलाय... एवढं सगळं मला तेवढ्यात सुचलं. म्हणालो, "शेतमजूर आहेत. बिडी फार ओढतात."

काकांनी बिडीला कधी हात लावला नव्हता. पंचशील पाळणारा माणूस. वस्तीतल्या पोरांच्या हातची बिडी हिसकून विझवणारा.

बाहेर येताच काकू कडाडल्या, "चोरून ओढता? मलेच पत्ता नाही?"

"नाही वं, तुह्या गळ्याची आन."

"मंग हा पोरगा काहून खोटं बोलन?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी? — मी येणाऱ्या एसटीची पाटी वाचत राहिलो.

डॉक्टरांनी बिडी सोडायला सांगितली होती. वाफ सोडायला कोण सांगणार? काका पुन्हा ड्रमापाशी गेले. काकू त्यांचे खिसे तपासायच्या, सदरा हुंगायच्या. पोरं हसायची, "काका, आमच्या बिड्या हिसकून कुठी ओढत होते?" काकांनी पोरांना टोकणं सोडलं. पुढं तर त्यांना बोलायला श्वासच पुरेना. ते गेले, तेव्हाही बायाबापड्या बिडीलाच बोल लावत होत्या.

मोर्चा झाला. जीपवर उभा राहून मी मजुराच्या श्वासाबद्दल बोललो — टाळ्या पडल्या.

काकू आता म्हाताऱ्या झाल्यात. कुणा पोराच्या हातात बिडी दिसली की त्याला थांबवतात, "फेक ते. आमचे बिडीनंच गेले. विचार याले, हा व्हता डॉक्टरपाशी."

पोरगं माझ्याकडे बघतं. मी मान हलवतो. मागच्या आठवड्यातही हलवली.