आधी बघू, मग काढू

सोनोग्राफीच्या बाकड्यावर किस्से गोळा करावे लागत न्हाईत, आपोआप साचतात. लिटरभर पाणी पिऊन लघवी दाबून बसलेली बाई दुसरं काय करणार? बोलत बसते! गावातल्या बायांना बीडला तपासायला न्यायचं काम माझ्याकडं. मला अक्षर येत न्हाई, पण कोणतं दार, कोणती सिस्टर, कोणी उपाशी यायचं आन् कोणी पाणी पिऊन, सगळं पाठ हाय.

यंदा दिवाळीच्या तोंडावर माझ्याच सुनेला, सुनंदाला, घेऊन बसले होते. तिचं ओटीपोट दुखायचं, अंगावरून जायचं. एका डॉक्टरनं मशीन न लावताच सांगितलं, "गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाका." दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघणार. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. बाई दुखण्यानं घरी बसली की कोयता मोडला. टोळीचा मुकादम दारात येऊन म्हणला, "काढून टाका वहिनी, दर महिन्याची कटकट मिटंल!"

मी म्हणलं, "आधी बघू, मग काढू."

सुनंदा अठ्ठावीस वर्षांची. माझी पिशवी काढली तवा मी तिच्याच वयाची होते. तवा कोणी बघितलं न्हवतं. डॉक्टर नुसता म्हणला होता, "भोपळ्यायेवढी फुगलीय."

*

तर पाण्याचा किस्सा. उमापूरची एक बाई पाणी पिऊन बसली, आन् नंबर जवळ आला की तिला दम निघंना. गेली, मोकळी होऊन आली. सिस्टर म्हणली, "मावशी, लघवी भरलेली असल्याशिवाय आतलं दिसत नाही. परत प्या." परत पिली, परत गेली! तिसऱ्यांदा बाटली हातात दिल्यावर बाई रडकुंडीला आली.

"गावात हंड्यासाठी दोन मैल हिंडतो माय, आन् इथं पाणी पाजून पाजून मारता व्हय!"

सगळं बाकडं हसलं. लघवी दाबून हसणं लई अवघड असतं.

*

पोटाच्या वरच्या बाजूचं बघायचं असलं तर उलटं, उपाशी यायचं. एक म्हातारबाबा पित्ताचे खडे बघायला आलते. सिस्टरनं विचारलं, "बाबा, काही खाल्लं नाही ना?"

"छ्या! पाण्याचा थेंब न्हाई."

त्यांची म्हातारी मागून बोलली, "दही-साखर तेवढी दिलीय हातावर. कामाला निघताना द्यावीच लागती."

"किती दिली?"

"वाटीभर. काम मोठं हाय ना!"

बाबांना दुसऱ्या दिवशी परत यावं लागलं. म्हातारी दिवसभर त्यांच्याशी बोलली न्हाई, जसं काय दही त्यांनीच मागितलं होतं.

*

भिंतीवर बोर्ड हाय, पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे सांगितलं जाणार न्हाई म्हणून. तरी एक सासूबाई सुनेच्या मागं आत घुसल्या. डॉक्टरीणबाईला हळूच म्हणल्या, "बोलू नका. नुसती मान हलवा."

डॉक्टरीणबाईनं बोर्डाकडं बोट केलं.

"मला कुठं वाचता येतंय?"

"मग मी वाचते." आन् बाहेर येऊन सगळ्या बायांसमोर पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचला, तुरुंगाच्या शिक्षेसकट.

सासूबाई पदर सावरत म्हणल्या, "येवढं मोठ्यानं कावून वाचायचं?"

"परत विचारलंत तर परत वाचीन."

सून भिंतीकडं तोंड करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, मला अजून उमगलं न्हाई.

*

नांदूरघाटची एक पोर होती, पहिलटकरीण. आत गेली, पोटावर गार जेल लावलं, डॉक्टरीणबाई मशीन फिरवत राहिली. बोलंच ना! पोरीनं मोठ्यानं रडायला सुरुवात केली.

"काय झालं गं? दुखलं का?"

"तुमी बोलंनात. काहीतरी वाईट हाय."

"अगं, मी मोजतेय. बोलले की आकडा चुकतो!"

पोर नाक पुसत म्हणली, "आमच्याकडं वाईट बातमीवाला माणूस आधी असाच गप बसतो."

हा किस्सा मी बाकड्यावर सुनंदाला मुद्दाम सांगितला. म्हणलं, "ती गप बसली तर भ्यायचं न्हाई."

*

मग सुनंदाचा नंबर आला. ती आडवी झाली. जेल लागल्याबरोबर अंग चोरलं. डॉक्टरीणबाई गप. सुनंदानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

"मोजतीय," मी म्हणलं.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बोलली, "थोडी सूज आहे. गोळ्या देते, महिनाभर जड उचलायचं नाही, मग परत दाखवा. पिशवी चांगली आहे. काढायचं काही कारणच नाही."

सुनंदानं डोळे मिटले. मी विचारलं, "बाई, ती दिसती का तिथं? मला दाखवा."

डॉक्टरीणबाईनं चित्र थांबवून पडदा माझ्याकडं वळवला आन् बोट फिरवलं. "ही बघा, इथून इथपर्यंत."

पेरूसारखी होती.

"येवढीशीच?"

"एवढीच असते आजी. मुठीत मावेल."

सुनंदा पोट पुसून, साडी नीट करून दारात जाऊन उभी राहिली. बाहेर सिस्टर पुढचा नंबर पुकारत होती.

"आत्याबाई, चला की. कावून थांबलात?"

"थांब गं," मी म्हणलं. "जरा बघू दे."