फाटकाबाहेरचे आजोबा

माझ्या मुलीचे सासरे डोमाजी शेवटचे भेटले ते आमच्या वडशाच्या घराच्या फाटकाबाहेर. भर हिवाळ्यात, जिवतीहून एसट्या बदलत हा माणूस पहिली नात पाहायला आला आणि फाटकावरच थांबला. "इवाई, मी आत येत नाई. मले सर्दी हाये." आमच्या व्याह्यांचा आवाज असा, की जिवतीच्या डोंगरावरून हाक मारली तर वडशाची कुत्री दचकावीत. त्या दिवशी तो बसलेला होता, तरी गल्ली जमलीच.

नात आठव्या महिन्यात झालेली, दवाखान्याच्या काचेच्या पेटीतून नुकतीच घरी आलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, मोठ्यांची साधी सर्दी असल्या जिवाच्या छातीत उतरते. शिंकत असाल तर लांब राहा, हात धुऊनच शिवा, मुके घेऊ नका. पण व्याही दारातून परत जाणं म्हणजे आमच्याकडे दोन गावांची लढाईच! शेजारच्या कमलाबाई बोलल्याच, "पोरगी झाली म्हणून रुसले वाटते."

"बाई, पोरगा असता तरी इथीच उभा राह्यलो असतो. तुमी बी नाक पुसून या!"

मी हात धरायला गेलो तर हे मागं मागं, थेट नालीच्या काठावर. शेवटी मुलीनं खिडकीत लेक धरली. डोमाजी बघत राहिले... बराच वेळ. "नाक माह्यावरच गेलं, बिचारी! बरा झालो का येतो, मांडीवर घ्याले."

आले नाहीत. घरी ताप चढला, धाप लागली, तरी म्हणत राहिले, "मले काय होते? हे लेकराइले बाधते." म्हाताऱ्यांनाही ते तसंच गाठतं, यांच्यासारख्या दमेकऱ्यानं तर दरवर्षी लस घ्यावी, धाप लागताच दवाखाना गाठावा, हे डॉक्टर बोलले ते सगळं संपल्यावर. यांच्या खोकल्यानं वाघ रस्ता बदलतो, असं मी गावभर सांगत फिरायचो. त्याच खोकल्यानं नेलं... याची मला थाप रचता येत नाही.

परवा नातीला पहिल्यांदा जिवतीला नेलं. दारात सगळ्यांनी न सांगता साबणानं हात धुतले. इहीणबाईंनी डोमाजींचं जुनं धोतर काढलं. उकळून, उन्हात वाळवून सायीसारखं मऊ झालेलं. घडी अंथरून नातीला त्यावर निजवलं. तिनं पाय झाडले आणि धोतर ओलं केलं.

इहीणबाईंना आधी हसू फुटलं. मग त्यांच्या रिकाम्या बाजेकडे बघत म्हणाल्या, "घ्या, मुतली तुमच्या मांडीवर."

धोतर बदलायला कुणी उठलं नाही.