झाडू आमच्या घरचा होता

पावडरचा डबा एकेकीच्या हातून माझ्यापर्यंत आला आणि बंद झाला.

"मोलकरणीला पावडर कशाला? ही तर तयारच आहे," काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

मी अकरा वर्षांची होते. इंदूरच्या आमच्या मराठी कॉलनीतलं गणेशोत्सवाचं नाटक काकू बसवायच्या. त्यांच्याकडे आई भांडी घासायची. बाबा पोलोग्राउंडच्या कारखान्यात. नाटकातली कामं घर बघून वाटली जायची. साहेबांच्या मुली राजकन्या, मी मोलकरीण. चार वर्षं, चार नाटकं. झाडू घरून आणायचा.

सगळं नाटक मला पाठ होतं. त्या संध्याकाळी राजकन्या अडखळली. झाडता झाडता मी तिचं वाक्य हळूच सांगितलं. नेमका माइक जवळ होता. सगळ्यांनी ऐकलं, टाळ्या वाजल्या.

पडदा पडल्यावर काकूंनी आईला आत बोलावलं. "समजाव पोरीला. झाडू दिलाय ना, मग झाडूच मारायचा."

"चुकलं तिचं, बाईसाहेब," आई म्हणाली.

आज मी परदेशी सिनेमांत काम करते. आया, मोलकरीण, हॉटेलातली सफाईवाली. तिकडे मेकअप होतो. एकदा दिग्दर्शक मेकअपवाल्याला म्हणाला, "अजून काळी कर. नोकर वाटली पाहिजे." रंग चढत गेला. मी आरशात बघत बसले. "ठीक आहे, सर," म्हणाले. आईसारखीच.

यंदा कॉलनीनं माझा सत्कार ठेवला. आई शेवटच्या रांगेमागे उभी होती. खुर्ची कुणी दिली नव्हती. काकू माइकवर म्हणाल्या, "हिला पहिला रोल आम्हीच दिला, बरं का!"

मी माइक घेतला. "दिला होता. मोलकरणीचा. पावडर दिली नाही. आणि झाडू आमच्या घरचा होता."

कॉलनीचे सेक्रेटरी शेजारून कुजबुजले, "जाने दो ना, पुरानी बात है."

"जुनी असती तर माझी आई आत्ता उभी नसती."

सत्काराची शाल टेबलावर ठेवली. खाली उतरले. आईचा हात धरून तिला पहिल्या रांगेत, काकूंच्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं. आई उठायला लागली. मी तिच्या खांद्यावर हात दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मोठा सिनेमा, पुन्हा मोलकरीण, वाक्य एकही नाही. मी नाही म्हटलं.

मोलकरीण मी पुन्हा करेन. गोष्ट तिची असेल, तोंड तिला असेल, तेव्हाच. तोवर कुणाच्याही सांगण्यावरून झाडू उचलणार नाही.