झाडं नसलेलं स्मृतिवन

आमच्या घराला अंगण असं उरलेलंच नाही. फाटकातून आत यायचं तर आधी कडुनिंबाला, मग गुलमोहराला, मग दोन बहाव्यांना वळसा घालावा लागतो. पोस्टमन तर बाहेरूनच हाक मारतो. ही सगळी झाडं म्हणजे आमच्या ह्यांचे सत्कार. दुष्काळी पट्ट्यातल्या आमच्या कर्जतच्या आसपासच्या गावांत, कधी पार खर्ड्यापर्यंत, हे निसर्गावर बोलायला जायचे. शाळेत, देवळाच्या सभामंडपात, गणपतीच्या मांडवात. भाषण संपलं की नारळ-शालीऐवजी काळ्या पिशवीतलं रोप हातात यायचं. निसर्गाचा माणूस, त्याला दुसरं काय देणार?

गंमत अशी, की हे जन्मभर बोलले ते गवताबद्दल. आपल्याकडे पाऊस बेताचा, आपलं खरं रान म्हणजे माळावरचं गवत, त्याला पडीक म्हणू नका, हा त्यांचा हेका. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल या सगळ्यांना मोकळा माळ लागतो. झाडं लावून तो झाकला की त्यांचं घर मोडलं. हे सगळं तळमळून सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे आणि मग रोप द्यायचे. ते रोप मांडीवर घेऊन मी मोटारसायकलवर मागे बसायची आणि घरी येईपर्यंत हसायची. ह्यांना राग यायचा. पण रोप फेकून देणं जिवावर यायचं, म्हणून आल्या आल्या खड्डा खणायचे.

आम्ही दोघंही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी भूगोल. भाषणात बोलणं त्यांचं आणि लॅपटॉपवरची चित्रं पुढे सरकवणं माझं. पुढचं चित्र हवं असलं की ते माझ्याकडे न बघता नुसतं ‘हं’ म्हणायचे. घरातही मीठ हवं असलं तरी ‘हं’च. मी म्हणायची, मी काय प्रोजेक्टर आहे? तर त्यावरही ‘हं’.

सगळ्यात शेवटी एक चित्र असायचं. नुसती खडकाळ जमीन, चार काड्या, थोडे खडे. हे विचारायचे, यात काय दिसतं? मागून हमखास आवाज यायचा, ‘काय न्हाई सर, पडीक हाय.’ याचीच ते वाट बघत असायचे. मग ते काठीचं टोक पडद्यावर टेकवायचे आणि तिथे खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची दोन अंडी असायची. धाविकाची. धाविक म्हणजे माळावरचा लहानसा, उंच पायांचा पक्षी. तो घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. अंडी दिसली की सगळा मांडव ‘आँ’ करायचा. इतक्या वेळा ऐकूनही त्या ‘आँ’ची मला सवय झाली नाही.

ते चित्र ज्या माळावर काढलं होतं, तो आमच्या घरापासून फार लांब नाही. एका लहान गावाच्या पाठीमागे, गायरानाची चढण. रविवारी सकाळी आम्ही तिथे जाऊन बसायचो. ऊन चढलं की मी छत्री उघडायची आणि डावीकडे कलती करून त्यांच्या डोक्यावर धरायची. ते ती ढकलून द्यायचे. ‘माळावर यायचं तर ऊन खायचं,’ असं म्हणायचे. मी पुन्हा धरायची. ते पुन्हा ढकलायचे. आमचा संसार साधारण असाच झाला.

ते गेले आणि प्रोजेक्टर मी कपाटावर चढवून ठेवला. बोलावणी यायची, मी नाही म्हणायची. बोलणारा माणूस नाही तर चित्रं कुणासाठी सरकवू? घरात मीठ पुढे करायलाही कुणी नव्हतं. कधीकधी जेवताना मीच ‘हं’ म्हणून बघायची, पण ते जमायचं नाही. त्यात त्यांचा कंटाळा नव्हता, हक्क नव्हता.

मागच्या श्रावणात त्या माळाच्या गावचा सरपंच घरी आला. आमच्याच शाळेतला विद्यार्थी, आता मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. म्हणाला, ‘बाई, सरांच्या आठवनीत एक व्याख्यान ठेवलंय. तुमीच बोलायचं. न्हाई म्हनू नका.’ त्या गावाला नाही म्हणवेना. मी प्रोजेक्टर खाली काढला, पुसला, आणि भाषण आरशासमोर बोलून पाहिलं. स्वतःचंच हसू आलं.

संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर मांडव घातला होता. स्टेजवर ह्यांचा मोठा फोटो, नावाच्या आधी ‘कैलासवासी’, आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्मृतिवन’. मला आधी नीट कळलंच नाही. मग सरपंचाने माइक घेतला आणि सांगितलं, की सरांच्या नावानं गायरानावर वन उभारायचं ठरलंय. खड्डे घ्यायला सुरुवात झालीय, रोपांचा टेम्पो उद्या येतोय. ‘सरांनी आमाला निसर्गाचं येड लावलं,’ तो म्हणाला, आणि फोटोकडे वळून त्याने हात जोडले.

इतक्या भाषणांमधून गावाने एवढंच उचललं होतं, की सरांचं निसर्गावर प्रेम, आणि प्रेम दाखवायचं तर झाड लावायचं. त्यांचाच माळ ते त्यांच्याच नावाने झाकणार होते. यात कुणाचंही वाईट मन नव्हतं, हीच तर पंचाईत.

आणि खरं सांगू? मला ते वन हवं होतं. त्यांचं नाव कुठेतरी असावं, गावाने दिलेलं असावं, आणि तिथे सावली असावी, जिथे जाऊन मला बसता येईल. कपाटातले त्यांचे सदरे वाटून टाकले होते, आवाज कुठे साठवून ठेवलेला नव्हता. कुणीतरी त्यांच्यासाठी काहीतरी करत होतं आणि मी तिथे उठून नको म्हणायचं? गप्प बसले असते तर कुणालाच काही कळलं नसतं. माळाला तोंड नाही आणि हे तर बोलायला येणार नव्हते.

माझं नाव पुकारलं. मी एकेक चित्र दाखवत गेले. बोलायचंही मीच आणि सरकवायचंही मीच, हात सारखा चुकत होता. शेवटचं चित्र आलं. मी विचारलं, यात काय दिसतं? मागून कुणीतरी म्हणालं, ‘काय न्हाई, पडीक हाय.’ मी काठी टेकवली. मांडवाने ‘आँ’ केलं. आणि मग मी म्हटलं, ‘हा तुमचाच माळ आहे. खड्डे घेताय तोच. सरांसाठी काही करायचं असेल तर तिथे काहीही लावू नका.’

पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, ‘अजून दुखात हायत बिचाऱ्या.’ सरपंचाचा चेहरा पडला. सत्काराच्या वेळी त्याने माझ्या हातात रोप दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आभाराचं भाषणही दुसऱ्याच कुणीतरी केलं. मी घरी आले आणि ते रोप पायरीवर ठेवून तिथेच रडत बसले. मला वाटत होतं, आपण त्यांना आज दुसऱ्यांदा घालवलं.

सकाळी राहवेना म्हणून माळावर गेले. चढणीच्या एका अंगाला खड्डेच खड्डे, बाजूला लाल मुरमाचे ढीग. थोड्या वेळाने सरपंचही आला. रात्रीचा राग अजून चेहऱ्यावर होता. ‘बाई, चारचौघांत बोललात. आधी आमाला सांगायचं हुतं.’

‘तू तरी मला कुठे आधी सांगितलंस?’ मी म्हटलं. ‘बस.’

शाळेत बसायचा तसा बसला. चुळबुळ चालू, मोबाईल काढ, ठेव. मग समोरच्या गवतात काहीतरी धावलं आणि थांबलं. पुन्हा धावलं, थांबलं, मान उंच करून आमच्याकडे बघत राहिलं. मातीच्या रंगाचा धाविक, डोळ्यावर पांढरी रेघ. चुळबुळ थांबली.

‘सर ह्यालाच बघाया यायचे?’

‘दर रविवारी.’

‘आमाला वाटायचं, तुमी दोघं नुसतं बसायला येता.’

‘ते पण.’

तो हसला आणि डोळे पुसून त्याने फोन लावला. ‘टेम्पो माळाकडं आनू नको. गावात उतरव. घरटी एक रोप द्यायचं.’ फोन ठेवून माझ्याकडे वळला. ‘पन बाई, पाटी रंगवून झालीय. लोखंडाची हाय. ती तरी लावू द्या.’

पाटीला मी नाही म्हटलं नाही. मलाही ती हवीच होती.

आता चढणीवर ती पाटी उभी आहे. ‘स्मृतिवन’, त्यांचं नाव, आणि भोवती नुसतं गवत. रस्त्याने जाणारे थांबून विचारतात, की झाडं चोरीला गेली का वाळली? गावातली माणसं न चिडता समजावून सांगतात, असं सरपंच म्हणतो. बुजवलेल्या खड्ड्यांवर अजून गवत नीट धरलेलं नाही. त्या अंगाला यंदा धाविक फिरकला नाही. वाट बघायची.

मी अजूनही रविवारी जाते. पाटीच्या पायथ्याशी बसते. तिथे सावली कसली ती नाहीच, म्हणून ऊन चढलं की छत्री उघडते. हाताला जुनी सवय, छत्री आपोआप डावीकडे कलते आणि माझा उजवा खांदा उन्हात राहतो. मी तशीच धरून बसते. ती ढकलायला आता कुणी नाही.