गाडीतला नियम आणि पमीमावशींचा आवळा

मंडळी, माझ्या गाडीत खाणंपिणं बंद आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. आज सकाळी मोखाड्याहून जव्हारला निघाले, तेव्हा शेजारच्या पमीमावशी आणि त्यांची मुलगी सोबत होत्या. मुलीचं लग्न ठरतंय, म्हणून मुलाचं घर बघायला जायचं होतं. मावशी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या.

गाडीत बसताच त्यांनी वाळलेला आवळा काढला.

"मावशी, गाडीत काही खायचं नाही," मी म्हटलं. त्यांनी तो मुकाट्याने पिशवीत ठेवला.

घाटातल्या वळणांवर त्यांना गाडी लागली. मी थांबेपर्यंत उलटी झालीही होती, सगळी पदरात धरलेली.

"तुझी सीट वाचली, बाय," त्या म्हणाल्या.

"आणि तू सोयऱ्यांकडं अशीच जाशील?" मुलगी रडवेली झाली.

रस्त्याकडेच्या घरातून पाणी मागून पदर धुतला. मुलीने आणि मी टोकं धरून तो वाऱ्यावर वाळवला. मावशी उभ्या उभ्या तोच आवळा चघळत होत्या; गाडी लागू नये म्हणूनच तो आणला होता. सोयऱ्यांच्या दारात पोचलो तेव्हा पदर कोरडा होता.

नियम तसाच आहे, वडापाव खाली उतरूनच खायचा. पण आवळ्याची डबी आता माझ्याच गाडीत राहील. तुमच्या गाडीत काय चालतं?