राणोजीरावांची पहिली पळी

अन्नपूर्णाबाईंकडे पाठवलेला डबा कधी रिकामा परत आला नाही, आणि तिथेच माझं सगळं फसलं. भांडं मोकळं परत देऊ नये ही रीत माझ्या माहेरीही होती, पण आम्ही चिमूटभर साखर घालून ती पाळायचो. अन्नपूर्णाबाईंचं तसं नव्हतं. मी अंडी उकडून पाठवली की दुसऱ्या दिवशी डब्यात मूठभर भाजलेले शेंगदाणे यायचे. खिचडी पाठवली की त्यांच्या स्वतःच्या वाट्याचा उपमा. क्षयाने निम्म्या झालेल्या बाईला मी खाऊ घालायला निघाले होते आणि उलट तिच्याच ताटातलं माझ्या घरी येत होतं. मी रागावले की त्या म्हणायच्या, "मोकळा डबा कैसा देऊं, शैला? आमच्या घरची रीत नव्हे ती." शेवटी मीच डबे पाठवायचे कमी केले. दुसरं काय करणार होते?

माझ्या नवऱ्याची, अशोकची, रेल्वेतली बदली आम्हाला चेन्नईत घेऊन आली तेव्हा तिरुवल्लिकेणीतल्या या घरात आम्ही वरचा मजला घेतला. मधल्या मजल्यावर राणोजीराव आणि अन्नपूर्णाबाई. मूलबाळ नाही. दोघं तंजावरकडचे मराठे. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, इतकं ते जुनं आणि वर तमिळच्या चालीवर हेल काढणारं. पुढे हसू गेलं आणि त्या बोलण्याची सवय झाली. या परक्या शहरात मला "जेवलीस काय?" असं मराठीत विचारणारी ती दोनच माणसं होती.

राणोजीरावांच्या कोणा पूर्वजाने शेजारच्या गल्लीत जागा देऊन अन्नछत्र सुरू केलं होतं. चंद्रसूर्य असेतोवर दुपारी येईल त्याला जेवण, असा त्याचा संकल्प. त्याला एक अट जोडलेली होती आणि ती या घराण्याच्या हाडात मुरली होती: देणाऱ्या घरच्या माणसाने त्यातलं अन्न खायचं नाही. चवीपुरतंही जिभेला लावायचं नाही. एकदा वाढताना राणोजीरावांच्या बोटावर सांबार उडालं. मी बघत होते. भाजलं असणार. पण दुसऱ्या कोणीही केलं असतं तसं बोट तोंडात घालणं त्यांना जमलं नाही. ते नळाकडे गेले, हात धुतला आणि परत येऊन वाढायला लागले.

काळाच्या ओघात छत्राचं उत्पन्न आटलं आणि एका मोठ्या फाउंडेशनने ते चालवायला घेतलं. हे फाउंडेशन गरिबी, रोगराई, विषमता, सगळ्यांशी लढणारं. त्यांच्या शाळा, तपासणीच्या गाड्या, सगळं झकपक. स्वयंपाक आता छत्रात होईना. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैच्या बाजूला त्यांचं मोठं स्वयंपाकघर होतं, तिथून स्टीलच्या पिंपांत भरून जेवण यायचं. पण राणोजीरावांचा मान त्यांनी ठेवला. रोज पहिली पळी राणोजीरावांची. पांढरा सदरा घालून ते उभे राहायचे, रांगेतले लोक त्यांना हात जोडायचे, पाहुणे आले की फोटो निघायचे. पगार नव्हता, आणि दिला असता तरी त्यांनी घेतला नसता. एका छत्र्यांच्या दुकानात त्यांनी जन्मभर हिशेब लिहिला होता, ते दुकान बंद पडलं होतं. शेकडो लोकांना वाढून हा माणूस घरी येऊन पेज पीत होता. मला याचा संताप यायचा, आणि त्यांचा हेवाही वाटायचा.

अन्नपूर्णाबाईंचा खोकला क्षयाचा आहे हे फाउंडेशनच्याच गाडीने शोधलं. कोपऱ्यावर एक्स-रेची गाडी उभी होती आणि शरण्या नावाची त्यांची तरुण अधिकारी घरोघर जाऊन लोकांना बोलावत होती. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, पोटात अन्न नसेल तर गोळ्या एकट्या काही करणार नाहीत. आणि फाउंडेशन अशा रोग्यांना पोषणाची पिशवी देत होतं. डाळ, शेंगदाणे, दूधपावडर, सत्तुमावु म्हणतात ते भाजलेल्या धान्यांचं पीठ. मला वाटलं, सुटलो.

शरण्या टॅब घेऊन त्यांच्याकडे आली, नाव लिहायला लागली आणि थांबली. ज्यांचा संस्थेशी असा मानाचा संबंध आहे त्यांच्या घरच्यांना लाभ देता येत नाही, असा फाउंडेशनचा नियम होता. आपल्याच माणसांची घरं भरली जाऊ नयेत म्हणून केलेला. नियम वाईट नव्हता, त्यामुळे मला भांडायलाही धड जागा राहिली नाही. शरण्या भली पोरगी. तिने वाट काढली. राणोजीरावांनी पहिल्या पळीचा मान सोडला, तर ती त्याच दिवशी नाव घालायला तयार होती.

"तें होणें नाही," राणोजीराव म्हणाले. आवाज चढवला नाही, कधी चढवत नसत.

मी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिलं. त्या नवऱ्याच्या बाजूने निघाल्या. "आम्ही वाढणार, शैला. आमास त्यांतलं कैसें चालेल? खाऊन वांचले तरी तोंड कोणास दाखवूं?"

"मेल्यावर दाखवणार आहात का?" मी म्हटलं. असं बोलायला नको होतं, पण मला राहवेना. राणोजीराव उठून गॅलरीत गेले. अन्नपूर्णाबाई हसल्या आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

पुढे मी रोज त्यांचं शरीर उतरताना पाहिलं. बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तेव्हा त्यांनी त्या दोऱ्याने बांधल्या. जाता-येता मी राणोजीरावांना टोमणे मारायचे. ते खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि बारा वाजायच्या आत सदरा घालून निघायचे. या माणसाला बायकोपेक्षा फोटो प्यारे आहेत, असं मी अशोकला म्हटलंसुद्धा. अशोक म्हणाला, तुला त्यांचं काही कळत नाही. मला खरंच कळत नव्हतं.

मग एक दिवस अन्नपूर्णाबाईंना जिना उतरवेना. दवाखान्यात तर न्यायचं होतं. राणोजीरावांनी त्यांना उचललं. सत्तरी ओलांडलेला माणूस, मला वाटलं दोघं पडतील. मी पुढे धावले. पण ते सरळ, न थांबता खाली आले. रिक्षात त्यांना बसवलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शैला, हातास वजन कांहीच लागलें नाही गं." त्यांचे डोळे भरले होते. मीही तिथेच रस्त्यावर रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला म्हणाले, "तूं चल." आम्ही छत्रावर गेलो. रांग लागली होती. त्यांनी पिंपाचं झाकण काढलं, पळी हातात घेतली आणि ती न वाढता शरण्याच्या पुढे धरली. "आजपासून आमचा मान सोडला," तमिळमध्ये हे सांगताना त्यांचा आवाज फाटला. "माझ्या बायकोचं नाव लिही, अम्मा." रांगेतलं कोणी पुढे सरकेना.

शरण्याने पळी घेतली नाही. ती इतकी गोंधळली की मला आधी तिचाच राग आला. मग ती हळूच बोलली. पिशव्यांचा प्रकल्प मार्चअखेर संपला होता. या वॉर्डातले आकडे फार चांगले आले, ठरवलेलं उद्दिष्ट पूर्ण झालं, म्हणून फाउंडेशनच्या मंडळाने तो दुसऱ्या जिल्ह्यात हलवला होता. तिथे गरज जास्त आहे, असं ती म्हणाली. ते खोटं नसेलही.

"मी मागणी करून बघते, सर," ती म्हणाली. "वर लिहिते. तुम्ही पळी घ्या. हे झालंच नाही असं समजा."

"सोडलें तें सोडलें," राणोजीराव म्हणाले. "देऊन परत घेत नाहीत." त्यांनी पळी पिंपाच्या कडेला टेकवली आणि बाजूला झाले. मी शरण्याशी खूप भांडले. माझ्या मोडक्या तमिळमध्ये जितकं भांडता येतं तितकं. ती ऐकत उभी राहिली आणि शेवटी रडायला लागली. तिच्या हातात काही नव्हतं. जिच्याशी मी भांडत होते ती माझ्यासारखीच नुसती मधली बाई होती.

वळून पाहते तर राणोजीराव रांगेत उभे. शेवटच्या माणसाच्या मागे, पांढऱ्या सदऱ्यात. पुढचे लोक त्यांना आधी जा म्हणून हाताला धरून ओढत होते आणि ते मान हलवून नको म्हणत होते. मान सोडला होता, म्हणजे आता ते देणाऱ्या घरचे राहिले नव्हते. आता ते अन्न त्यांना चालणार होतं. त्यांनी मला घरी जाऊन डबा आणायला सांगितलं. मी आणला. वाढणाऱ्याने त्यांच्याकडे न बघता तो काठोकाठ भरला.

घरी आल्यावर अन्नपूर्णाबाईंना नवऱ्याच्या चेहऱ्यावरूनच सगळं कळलं असावं. मी उशा लावून त्यांना बसवलं, भात कालवला आणि त्यांनी पहिला घास घेतला. बराच वेळ तो तोंडात घोळवला. मला वाटलं रडतील. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली, स्वयंपाक बिघडला की कुठल्याही बाईच्या पडते तशी.

"भात कच्चा आहे हो," त्या म्हणाल्या. "मीठ तर नाहीच."

राणोजीरावांनी एक शीत उचलून तोंडात टाकलं. ते चावत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"इतकीं वर्षें हेंच वाढत होतां तुम्ही? कोण्ही सांगितलें नाही?"

कोण सांगणार होतं? ते सगळे तर हात जोडून जेवायचे. फुकट जेवणारा माणूस हात जोडतो तो काय मीठ मागायला?

"उद्यां जाऊन सांगा त्यांस," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. पोटात भात गेल्याशिवाय गोळी घेता येत नव्हती, म्हणून त्या पुढचा घास चावायला लागल्या होत्या. "भात नीट शिजवा म्हणावें. म्हाताऱ्यांनी कैसा खावा हा?"

राणोजीराव भिंतीला टेकून खाली बसले.

"काय म्हणून सांगूं गे?" ते म्हणाले. "आतां मी कोण तिथला?"